नऊच्या पाढ्यातले आकाश

जुन्या श्रोत्यांना हे आकडे आजही झोपेत विचारले तरी सांगता येतील. मुंबई ‘ब’ ५५८. नागपूर ५८५. पुणे ७९२. जळगाव ९६३. मुंबई ‘अ’ १०४४. रत्नागिरी ११४३. सांगली १२५१. पणजी १२८७. परभणी १३०५. मध्यम लहरींवरच्या आकाशवाणी केंद्रांचे हे किलोहर्ट्झ. यातला कुठलाही आकडा घ्या आणि त्यातल्या अंकांची बेरीज करा. पाच, पाच, आठ : अठरा. सात, नऊ, दोन : अठरा. एक, शून्य, चार, चार : नऊ. अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात पडली की ती संख्या नऊने भागली जाते, ही कसोटी शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते. वरचा एकही आकडा त्या कसोटीतून सुटत नाही. दिल्लीचा ८१९ सुटत नाही, कोलकात्याचा ६५७ सुटत नाही. सीमा ओलांडून कराचीला गेलात तर ८२८, तोही नऊचाच. बीबीसीचे ६९३ आणि ९०९ हेसुद्धा.

अमेरिकेत मात्र हा खेळ फसतो. न्यूयॉर्कमध्ये ७७० वर एक प्रसिद्ध केंद्र आहे, बेरीज चौदा.

हा योगायोग नाही, आणि आकाशवाणीतल्या कुणा अंकशास्त्राच्या भक्ताचा उद्योगही नाही. १९७५ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची परिषद भरली आणि तिथे युरोप, आफ्रिका, आशिया व ओशनिया मिळून मध्यम लहरींचे आकाश नव्याने वाटून घेण्यात आले. तोवर आपल्याकडे दोन केंद्रांमध्ये दहा किलोहर्ट्झचे अंतर असे. युरोपात नऊचे, पण तिथले आकडे नऊच्या पटीत बसलेले नसत. रात्री या लहरी देशोदेशीच्या सीमा ओलांडून एकमेकींत घुसतात. समजा एक केंद्र १०४० वर आहे आणि दुसरे, शेकडो कोसांवरचे, १०४४ वर. त्या दोघांतला चार किलोहर्ट्झचा फरक श्रोत्याच्या कानात शिट्टी होऊन वाजतो. गाणे कोणाचेही असो, शिट्टी ठरलेली. सगळ्यांनी एकच पाढा म्हटला तर ही शिट्टी जाते. शिवाय एखाद्या केंद्राच्या कंपनसंख्येची दुप्पट किंवा तिप्पट झाली तरी ती पुन्हा नऊच्याच पाढ्यात पडते, अधेमधे लुडबुड करत नाही. आणि नऊच्या हिशेबाने ५३१ पासून १६०२ पर्यंत बरोबर १२० जागा निघतात. दहाच्या हिशेबात बाराएक कमी पडल्या असत्या.

ठरल्याप्रमाणे २३ नोव्हेंबर १९७८ रोजी, ग्रीनिच वेळेने मध्यरात्र उलटून एक मिनिट झाल्यावर, निम्म्याहून अधिक जगाने आपापली जागा बदलली. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजून गेले होते. सकाळची पहिली सभा सुरू होण्याचा सुमार. हे काम वाटते तितके किरकोळ नव्हते. प्रक्षेपकाची कंपनसंख्या धरून ठेवणारा क्वार्ट्झचा स्फटिक बदलायचा, प्रक्षेपक नव्या आकड्यावर जुळवायचा, मनोऱ्याशी त्याचा मेळ पुन्हा बसवायचा. ब्रिटनमध्ये तर बीबीसीने त्याच दिवशी आपल्या वाहिन्यांची अदलाबदल उरकून घेतली. ‘रेडिओ फोर’ मध्यम लहरींवरून उचलून दीर्घ लहरींवर, १५०० मीटरवर, नेऊन बसवली आणि लोकांना रेडिओच्या पट्टीवर चिकटवायला स्टिकर दिले. आपल्या घरात मात्र काटा केसभर सरकला असेल, इतकेच. जगाच्या इतिहासात एवढे मोठे स्थलांतर एवढ्या कमी बोभाट्यात क्वचितच झाले असेल.

एक ध्यानात घेण्यासारखी गोष्ट इथे निसटते. केंद्राचा आकडा आपल्याला त्याच्या नावाइतकाच पक्का वाटतो, पण तो त्याचा जन्मजात नसतो. तो सरकारने किंवा जगाने त्याला वापरायला दिलेला असतो. एसटी स्टँडवरचा फलाट जसा महामंडळाचा असतो, तसा. आज सहा नंबरला पंढरपूरची गाडी लागते, उद्या तिथे अक्कलकोटची लागेल आणि पंढरपूरची गाडी नऊ नंबरवर जाईल. गाडीचे काही बदलत नाही आणि फलाटाचेही नाही. रेडिओत आकडा, आवाज आणि श्रोत्यांचे गाव या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेल्या शंभर वर्षांत त्यांची एकमेकींपासून इतक्या तऱ्हांनी फारकत झाली आहे की थक्क व्हावे.

ती फारकत समजून घ्यायला झाशी ही फार चांगली जागा आहे. मराठ्यांच्या काळात वाढलेल्या या शहराच्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांतल्या बऱ्याच दरवाजांना ते ज्या गावाकडे तोंड करून उभे आहेत त्या गावाचे नाव मिळाले आहे. ओरछा गेट ओरछ्याकडे, सागर गेट सागरकडे, भांडेर गेट भांडेरकडे. खंडेराव गेटचे नाव ऐकले की मराठी माणसाचे कान टवकारतात. आणि दतिया गेटमधून जुना रस्ता दतियाला जातो, जेमतेम तीसेक किलोमीटर. पण दतिया मध्य प्रदेशात आणि झाशी उत्तर प्रदेशात. ओरछाही मध्य प्रदेशात. नकाशात पाहिले तर झाशीभोवती राज्याची सीमा अशी काही वळणे घेत जाते की कुठल्याही वाटेने शहराबाहेर पडलेला माणूस थोड्या वेळात परराज्यात पोचण्याची शक्यता बरीच. जमिनीवर सगळ्या वाटांना दरवाजे आहेत, चौक्या आहेत. आकाशात काय आहे, ते दिवस आहे की रात्र यावर अवलंबून.

रात्रीचे आधी सांगतो, कारण खरी जादू तिथे आहे.

नागपूर आणि झाशी हे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. नागपूरहून झाशी सरळ उत्तरेला, सुमारे ४८० किलोमीटर. नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झवरचे केंद्र ३०० किलोवॉटचे, म्हणजे दणकट. तरीही भर दुपारी झाशीत ते लागणे कठीण. जमिनीलगत सरपटत जाणारी लहर इतक्या अंतरावर थकून गेलेली असते आणि वर आकाशाकडे गेलेली लहर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा एक थर गिळून टाकतो. सूर्यप्रकाशाने हवेचे कण विद्युतभारित झाले की हा थर तयार होतो. त्याला ‘डी’ थर म्हणतात. सूर्य मावळला की त्याचे पोषण संपते आणि तो थोड्याच वेळात विरून जातो. मग वर गेलेली लहर आणखी वरच्या थरांपर्यंत पोचते. ते थर रात्रीही टिकून असतात आणि लहर गिळण्याऐवजी परत खाली वळवतात. नागपुरातून निघालेला आवाज शंभरेक किलोमीटर उंच आभाळाला लागून झाशीच्या छपरांवर उतरतो. आकाशात असा परावर्तक थर खरोखर आहे, हे एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ च्या डिसेंबरात बीबीसीच्याच प्रक्षेपकाचा उपयोग करून सिद्ध केले आणि १९४७ साली त्यांना नोबेल मिळाले.

म्हणजे एकाच केंद्राला एकाच दिवसात दोन मुलुख असत. दिवसा विदर्भ आणि आसपास, रात्री अर्धा मध्य भारत. झाशीच्या नेवाळकर घराण्याच्या काळापासून तिथे स्थिरावलेल्या मराठी घरांना, किंवा ग्वाल्हेर आणि सागरच्या मराठी घरांना, दिवेलागणीनंतर मराठी ऐकू यावे याची सोय कुठल्याही मंत्रालयाने केलेली नव्हती. ती सूर्यास्ताने केलेली होती. खरखर असे, आवाज लाटेसारखा वर-खाली होई, मधेच दुसरे एखादे केंद्र डोके वर काढी. पण मराठी असे.

आकाशवाणीने हे गणित पुढे जाणूनबुजून वापरले. १८ मे १९८८ रोजी ‘राष्ट्रीय प्रसारण सेवा’ सुरू झाली, ती केवळ संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालणारी. तिच्यासाठी नागपुरात तब्बल एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक, १५६६ किलोहर्ट्झवर. देशाच्या साधारण मध्यावर एक प्रचंड आवाज ठेवायचा आणि बाकीचे काम रात्रीवर सोपवायचे. रात्रपाळीचे कामगार, ट्रकवाले, पहारेकरी, झोप न येणारे म्हातारे, या साऱ्यांची ही वाहिनी. तीस वर्षे चालली आणि जानेवारी २०१९ मध्ये बंद करण्यात आली. (१५६६ : एक, पाच, सहा, सहा : अठरा.)

आता दिवस. किंवा खरे तर एफएम, कारण एफएमला दिवस-रात्रीचे फारसे सोयरसुतक नाही.

दतिया गेटपाशी उभे राहून फोनमधला रेडिओ लावा. फोनमध्ये तो असेल तर! कंपन्यांनी तो काढून टाकायचा सपाटा लावल्यावर केंद्र सरकारला २०२३ साली, रेडिओ बंद करू नका असे पत्रक काढावे लागले. फोन इअरफोनची वायर जोडल्याशिवाय रेडिओ लावत नाही, कारण ती वायरच त्याची एरियल असते. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी तीन मीटर आणि तिचा चतुर्थांश पाऊण मीटर. कानापासून खिशापर्यंतची वायर साधारण तेवढीच भरते. मध्यम लहरीवरच्या मुंबई ‘ब’ची लहर ५३७.६ मीटर लांब आहे. जुने निवेदक आधी मीटर सांगत आणि मग किलोहर्ट्झ, ते याचसाठी. एकाच गोष्टीची ती दोन मापे होती.

झाशीत १०३.० मेगाहर्ट्झवर आकाशवाणी झाशी. तीन मीटरची लहर ‘डी’ थराच्या पलीकडेही थांबत नाही, ती आभाळ भेदून अंतराळात निघून जाते. त्यामुळे एफएम ऐकू येते ते जवळपास नजर पोचेल तितकेच. प्रक्षेपकाचा मनोरा शंभर मीटर उंच असेल तर त्याचे क्षितिज साधारण ४१ किलोमीटरवर संपते. ऐकणारा गच्चीवर चढला तर आणखी थोडे. दतिया या वर्तुळात बसते. ओरछाही. उत्तर प्रदेशातल्या शहरासाठी उभारलेले केंद्र मध्य प्रदेशातल्या दोन गावांच्या स्वयंपाकघरांत वाजते आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. खासगी वाहिन्यांसाठी मात्र सरकार शहराचाच लिलाव करते. लोकसंख्येप्रमाणे शहरांचे गट पाडलेले आहेत. महानगरांचा ‘ए प्लस’, मग ए, बी, सी, डी. तीन ते दहा लाखांची शहरे ‘सी’ गटात. २०११ च्या जनगणनेत झाशी शहर पाच लाखांवर होते. बोली लावणारा झाशीचे पैसे मोजतो आणि दतियाचे श्रोते त्याला फुकटात मिळतात. रेडिओच्या धंद्यात ‘बाजारपेठ’ म्हणतात ती ही. कागदावर ती महापालिकेच्या हद्दीएवढी असते आणि प्रत्यक्षात मनोऱ्याच्या उंचीएवढी.

खासगी एफएमच्या दुसऱ्या टप्प्यात झाशीला ‘बिग एफएम’ आली. तिची पुढची हकिकत आजच्या रेडिओची चांगली खूण आहे. अंबानींच्या समूहातली ही कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ साली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ‘सफायर मीडिया’ची योजना मंजूर केली. देशभरातल्या पन्नासहून अधिक शहरांतली केंद्रे एका कागदावर मालक बदलून गेली. ऐकणाऱ्याला कळले असेल का? गाणी तीच, नाव तेच, आकडा तोच.

मुंबईत याच्या उलटे घडले होते. २००२ साली मुंबईत खासगी वाहिन्या आल्या तेव्हा त्यांचे आकडे असे होते : ‘रेडिओ सिटी’ ९१, ‘गो’ ९२.५, ‘रेड’ ९३.५, ‘विन’ ९४.६, ‘मिर्ची’ ९८.३. पहिल्या टप्प्याच्या अटी जाचक होत्या. परवान्याचे वार्षिक शुल्क ठरलेले आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ; जाहिराती मिळोत न मिळोत. ‘विन’ त्यात बुडाली. मग दुसऱ्या टप्प्यात, २००६ च्या सुमारास, सरकारने शुल्काऐवजी उत्पन्नाचा ४ टक्के वाटा घ्यायचे ठरवले आणि आकडेही नव्याने आखले. दोन वाहिन्यांत ८०० किलोहर्ट्झचे अंतर. म्हणजे ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. या शिडीत ‘रेड’ जागच्या जागी बसली. ‘रेडिओ सिटी’ एका दशांशाने सरकून ९१.१ झाली. पण ‘गो ९२.५’ला पायरीच उरली नाही. जिचा आकडा तिच्या नावातच गुंफलेला, तिचे काय करायचे? नाव ‘रेडिओ वन’ झाले आणि काही काळाने आकडा ९४.३. तिच्या जुन्या जागेपासून दोन दशांशांवर, ९२.७ वर, ‘बिग’ येऊन बसली. सकाळी गाडीत बसून सवयीने जुने बटण दाबणाऱ्या मुंबईकरांपैकी किती जण नव्या शेजाऱ्याकडे तसेच राहून गेले असतील, याचा हिशेब जाहिरातवाल्यांनी केला असेल तर तो वाचायला मला फार आवडेल.

८०० किलोहर्ट्झच का? यामागे एक गोष्ट आहे जी कळल्यावर मी बराच वेळ मनोऱ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहत होतो. सरकारने दुसऱ्या टप्प्यात अट घातली की शहरातल्या खासगी वाहिन्यांनी एकाच मनोऱ्यावरून बोलायचे. वाहिनीगणिक वेगळा मनोरा नको. जाहिरातींसाठी एकमेकींच्या नरड्यावर उठलेल्या या कंपन्यांचे आवाज ‘कम्बायनर’ नावाच्या यंत्रात एकत्र येतात, एकाच केबलमधून वर चढतात आणि एकाच एरियलमधून बाहेर पडतात. ते आपसात मिसळू नयेत म्हणून त्यांच्यात पुरेसे अंतर हवे. रेडिओच्या काट्यावर ज्या दोन वाहिन्या कट्टर वैरी, त्या मनोऱ्यावर अक्षरशः एका तारेत असतात.

आकडा बदलल्याने होणारे नुकसान कुठवर जाऊ शकते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँगकडे जावे लागते. एफएमचा शोध त्याचा. पेटंट १९३३ चे. त्याने स्वतःच्या पैशाने मनोरा उभारला, ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात केंद्रे सुरू झाली, लोकांनी लाखो रेडिओ विकत घेतले. १९४५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने एफएमला तिथून उठवून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन बसवले. एका आदेशाने ते सगळे रेडिओ मुके झाले. त्यात बड्या कंपन्यांशी पेटंटचे खटले. १९५४ च्या जानेवारीअखेर आर्मस्ट्राँगने तेराव्या मजल्यावरच्या खिडकीतून उडी घेतली. त्याची पत्नी मॅरियन लढत राहिली आणि शेवटचा खटला १९६७ मध्ये जिंकली. आपल्या प्रत्येक रेडिओवर ८८ ते १०८ हे जे आकडे छापलेले असतात, ते त्याच आदेशाचे वारस आहेत.

आवाज तोच आणि पट्टा वेगळा, याचे घरचे उदाहरण विविध भारती. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झाले आणि श्रोते लघुलहरींवरच्या रेडिओ सिलोनकडे गेले, हे सर्वांना माहीत आहे. ते परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली, तीही सिलोनच्याच मैदानात, लघुलहरींवर. जाहिराती सुरू झाल्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि त्या मुंबई, पुणे, नागपूर या तीन ठिकाणी. भारतीय रेडिओवरच्या जाहिरातीचा हा श्रीगणेशा महाराष्ट्रातला. मुंबईची विविध भारती मग वर्षानुवर्षे मध्यम लहरीवर ११८८ ला राहिली आणि आता १०२.८ एफएमवर आहे. तीन पट्टे फिरून झाले तरी दुपारच्या ‘मन चाहे गीत’च्या श्रोत्याला ती एकच वाहिनी वाटते.

आकडा धरून ठेवायचा आणि जागा सतत बदलायची, असेही एक केंद्र मुंबईत होऊन गेले. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटर ही त्याची खूण. श्रोत्यांना सापडायचे तर ती बदलून चालणार नव्हती. पोलिसांना सापडायचे नव्हते म्हणून बिऱ्हाड मात्र हलत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस दारात आले तोवर ते चालले.

गोव्यात तर सगळेच बदलले, आणि तेही काही आठवड्यांत. पोर्तुगीजांचे ‘एमिसोरा द गोवा’ बांबोळीच्या प्रक्षेपकावरून बोलत असे. त्याला उत्तर द्यायला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेवरच्या जंगलातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ सुरू केला. पोर्तुगीज आणि कोकणीतून, सहा वर्षे, रानात. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचे केंद्र गप्प केले. दुसऱ्या दिवशी लिबिया आणि वामन विमानात बसून ध्वनिवर्धकावरून गोवा मुक्त झाल्याचे सांगत फिरले. आणि ९ जानेवारी १९६२ ला आकाशवाणी पणजी सुरू झाली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, शंभरी ओलांडल्यावर, पद्मश्री मिळाली.

परत झाशीकडे, कारण तिथे काट्याच्या डाव्या टोकाला एक आकडा आहे ज्याच्याबद्दल बोलायचे राहिले : ९०.४. ओरछ्याच्या ताराग्राममधून ‘रेडिओ बुंदेलखंड’ हे सामुदायिक केंद्र २३ ऑक्टोबर २००८ पासून या आकड्यावर बोलते आहे. ‘डेव्हलपमेंट आल्टरनेटिव्ह्ज’ या संस्थेने ते उभारले. भाषा बुंदेली, गाणारे गावातलेच, ‘बुंदेली आयडॉल’ नावाची गाण्याची स्पर्धासुद्धा. सामुदायिक केंद्राला ५० वॉटचाच प्रक्षेपक लावता येतो; घरातल्या एका पंख्याला लागेल तेवढी वीज. आवाज पाच-दहा किलोमीटर जातो. नागपूरच्या त्या एक हजार किलोवॉटच्या तो वीस हजारावा हिस्सा.

आता साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला जा. माणदेशी तरंग वाहिनी : ९०.४. बारामतीला या. वसुंधरा वाहिनी : ९०.४. सरकारने छोट्या केंद्रांसाठी मोजकेच आकडे राखून ठेवले आणि तेच पुन्हा पुन्हा वाटले. मध्यम लहरीवर असे केले असते तर रात्री सगळ्यांची खिचडी झाली असती. एफएमवर होत नाही, त्याची दोन कारणे. एक तर आवाज लांब जातच नाही. आणि दुसरे अजब आहे : एकाच आकड्यावर दोन केंद्रे पोचली तर एफएमचा रेडिओ त्यांची भेसळ करत नाही. जे थोडे जास्त जोरकस, त्याला पूर्णपणे पकडतो आणि दुसरे जणू अस्तित्वातच नाही असे वागतो. एखाद्या टेकडीवर उभे राहून दोन पावले इकडे केली तर एक केंद्र, तिकडे केली तर दुसरे. सीमारेषेवर थोडी फडफड, आणि मग झटकन एकच. आर्मस्ट्राँगच्या पद्धतीतल्या या गुणामुळे एकच आकडा पुन्हा पुन्हा वाटणे सोपे होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. म्हणजे आणखी मनोरे, आणखी शिड्या, आणखी नावे. या वाहिन्यांना काय काय बदलता येते? गाण्यांचा साचा रातोरात बदलता येतो. जुनी हिंदी गाणी सोडून नवी, नवी सोडून इंग्रजी. नाव बदलता येते. मालक बदलता येतो. सरकारने सांगितले तर आकडाही. फक्त स्वतःची बातमी देता येत नाही. खासगी वाहिनीने आणि सामुदायिक केंद्रानेही आकाशवाणीचे बातमीपत्र आहे तसे ऐकवायचे, एवढीच मुभा. रहदारी, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना यांना नियमाने ‘बातमी’तून वगळले आहे, म्हणून त्या चालतात. त्यामुळे झाशीतल्या खासगी वाहिनीच्या निवेदकाला, उद्या दतिया गेट भागात पाणी येणार नाही, हे सांगता येते. ते का येणार नाही आणि गेल्या महिन्यात का आले नव्हते, हे शोधून सांगता येत नाही. वर्तमानपत्राला येते, टीव्हीला येते, हातात फोन असलेल्या कुणालाही येते. जी लहर राज्याची सीमा विचारत नाही तिला हा एवढा एक दरवाजा बंद ठेवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. नव्या लिलावाबरोबर तो उघडायला हवा.